शनिवारचे बिगारी : डेट्रॉइटमध्ये घर बांधायला पहिल्यांदा जाताना

ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स. डेट्रॉइट भागातल्या मराठी माणसाला कुठे राहता म्हणून विचारा, यातलंच एखादं नाव सांगेल. खुद्द डेट्रॉइट शहरात राहणारा क्वचित भेटतो. शहरात आपण जातो ते सामना बघायला, ऑटो शोला, नाहीतर भारतातून आलेल्या आईबाबांना नदीपलीकडचा कॅनडा दाखवायला. एट माइल रोड ही शहराची उत्तरेची हद्द; तिच्या दक्षिणेचं बाकीचं शहर आपण हायवेवरून, काचा वर करून बघितलेलं असतं.

मी गेली सहा वर्षं महिन्यातला एखादा शनिवार त्या शहराच्या पूर्व भागात घरं बांधायला जातो, ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या साइटवर. सोमवार ते शुक्रवार गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो, शनिवारी बिगारी असतो. ओळखीत कोणाला हे कळलं की ठरलेले प्रश्न येतात. हातोडी धरता येत नाही, चालेल का? व्हिसावर चालतं का? गाडी कुठे लावायची? बायकोला आणू का? सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय.

घर फुकट नसतं

हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. आपण ‘गरिबाला घर देतोय’ असं मनात धरून जातो आणि मग साइटवर शेजारी खिळे ठोकणाऱ्या बाईंशी, त्या घराच्या होणाऱ्या मालकीण आहेत हे न कळता, भलत्याच सुरात बोलतो.

हॅबिटॅटचं घर विकलं जातं. कुटुंबाची निवड तीन गोष्टी पाहून होते: सध्याच्या घराची अडचण किती आहे, हप्ता फेडण्याइतकं उत्पन्न आहे का, आणि संस्थेबरोबर काम करायची तयारी आहे का. हप्ता उत्पन्नाच्या मानाने पेलेल असा बसवलेला असतो. शिवाय कुटुंबाला ठरावीक तास स्वतः राबावं लागतं. आपल्या घरावर, दुसऱ्याच्या घरावर, संस्थेच्या जुन्या सामानाच्या दुकानात. पैशांचा हिशेब कसा ठेवायचा याचे वर्गही त्यात धरतात. याला ते घामाचं भांडवल म्हणतात. किती तास ते शाखेप्रमाणे बदलतं, पण काहीशे तासांचा मामला असतो. म्हणजे तुम्ही वर्षातले दोन शनिवार याल, त्या बाई नोकरी सांभाळून त्याच्या कितीतरी पट आलेल्या असतात.

संस्था १९७६ साली मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी सुरू केली. नाव सगळीकडे झालं ते १९८४पासून जिमी कार्टर हातात हातोडी घेऊन साइटवर यायला लागले तेव्हा. माजी राष्ट्राध्यक्ष फीत कापायला नाही, खिळे ठोकायला येतो, आणि दरवर्षी येतो, याचं लोकांना अप्रूप होतं. २००५ साली हे कार्टर दांपत्य याच भागात होतं: डेट्रॉइट, बेंटन हार्बर आणि नदीपलीकडचं विंडसर. पुढच्याच वर्षी, २००६मध्ये, ते आपल्या लोणावळ्याजवळच्या पाटण गावात आले. तिथे त्या आठवड्यात १०० घरांचं काम उभं राहिलं. तेव्हा कार्टर ८२ वर्षांचे होते. साइटवर कोणी ‘आता मला वाकवत नाही’ म्हणालं की आमच्याकडे हे उदाहरण तोंडावर मारलं जातं.

ही वस्ती अशी का झाली

पाच मिनिटं हे वाचून जा. तिथे गेल्यावर ओसाड प्लॉट बघून ‘या लोकांनी काय करून ठेवलंय’ असं तोंडातून निघू नये म्हणून.

१९५०च्या जनगणनेत डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती. २०२०मध्ये ती ६,३९,१११ भरली. कारखाने बाहेर गेले, पाठोपाठ गोरी वस्ती उपनगरांत गेली, आणि १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढं बहुतेकांना माहीत असतं. कर्जाची गोष्ट मात्र माहीत नसते. अमेरिकेत सामान्य माणसाचं घर होतं ते सरकारने पाठ राखलेल्या गृहकर्जावर, आणि १९३०च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोकादायक’ ठरवून त्या कर्जातून वगळल्या जात होत्या. एट माइल रोडजवळ, बिरवूड रस्त्याच्या मागे, याचा पुरावा अजून उभा आहे. १९४१ साली एका बिल्डरने तिथे गोऱ्यांसाठी घरं काढली. शेजारी काळी वस्ती, म्हणून सरकारी हमी मिळेना. त्याने मधे सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब भिंत घातली आणि हमी मिळाली. आज भिंतीच्या दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयच राहतात. एका भागावर रंगीत चित्रं काढली आहेत, मुलं तिथे खेळतात. ट्रॉयहून जाताना वाट थोडी वाकडी करून एकदा बघून या.

हे बघितल्यावर हॅबिटॅटच्या कामातला खरा भाग कोणता ते कळतं. भिंती उभ्या करणं सोपं आहे, त्या तर आपल्यासारखे नवशिकेही करतात. ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याला पेलेल असं कर्ज मिळवून देणं हे अवघड काम, आणि ते साइटवर कुठेच दिसत नाही.

दुसरी एक अडचण इथली खास आहे. घर बांधायला जेवढा खर्च येतो तेवढी त्या घराची बाजारात किंमतच होत नाही, कारण आजूबाजूची घरं स्वस्त. मग कोणताही बिल्डर इथे का येईल? ही मधली फट देणग्या, फुकट मिळालेलं सामान आणि तुमच्याआमच्या न मोजलेल्या मजुरीने भरायची असते.

नाव नोंदवताना

संस्थेच्या डेट्रॉइट शाखेकडे तारीख आणि वेळ निवडून नाव नोंदवायचं. एकट्याने गेलं तरी चालतं, गट असेल तर आधी बोलावं लागतं. कंपन्यांचे गट बहुधा सोबत देणगीही देतात. जबाबदारीचा एक फॉर्म सही करून द्यावा लागतो. तो वाचा. सही करायच्या आधी वाचणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वयाचा नियम कडक आहे. १६ वर्षांखालच्या मुलांना चालू बांधकामावर येताच येत नाही. १६-१७च्या मुलांना विजेवर चालणारी हत्यारं, छप्पर, तोडफोड यापासून लांब ठेवतात. ‘आमचा चौदा वर्षांचा आहे पण खूप समजूतदार आहे’ हे सांगून उपयोग नाही. त्याला जुन्या सामानाच्या दुकानात काही काम मिळतं का ते विचारा.

व्हिसाचं म्हणाल तर धर्मादाय संस्थेत, एरवीही स्वयंसेवकच करतात असं काम, पैसे किंवा मोबदला न घेता करायला सहसा अडचण येत नाही. मोबदला म्हणून काहीही घ्यायचं नाही, एवढं सांभाळा. तरी मनात किडा वळवळत असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक ओळ लिहून विचारून घ्या. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, घरी बसलेल्या, पुण्यात सिव्हिलची नोकरी सोडून आलेल्या दोघीजणी आमच्याबरोबर येतात. त्यांना साइटवर बघितलं की कळतं माणूस नेमकं काय गमावून इथे येतो. पहिल्याच दिवशी त्यातल्या एकीने पाणसळ लावून दाराची चौकट पाव इंच बाहेर आहे हे सगळ्यांच्या आधी पकडलं.

अंगावर काय घालायचं

तळ जाड असलेले, पाय पूर्ण झाकणारे बूट. कापडी स्पोर्ट्‌स शूज नकोत. उलट्या पडलेल्या फळीतला खिळा त्यांतून सरळ वर येतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, दहा वर्षं उलटली असतील तर घेऊन टाका. पूर्ण लांबीची जीन्स. उन्हाळ्यातसुद्धा एक पूर्ण बाह्यांचा शर्ट पिशवीत ठेवा, का ते पुढे सांगतो.

ओढणी नको, सैल कुर्ता नको. अंगठी, बांगड्या, कडं घरी काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर शर्टाच्या आत घालून वरचं बटण लावा. केस बांधा. हेल्मेट, डोळे वाचवायचा चष्मा, हातोडी, खिळ्यांची पिशवी हे सगळं तिथे मिळतं. हातमोजे स्वतःचे न्या, कारण तिथले एकतर भीमाच्या मापाचे असतात किंवा आदल्या शनिवारच्या घामाचे.

सकाळी

सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. गाडी लावताना शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेचं तोंड अडवू नका. वस्तीत गाडी लावायला भिण्यासारखं काही नसतं. लॅपटॉप सीटवर ठेवून जाऊ नका, पण ते तर नोव्हायमध्येही करू नये.

आधी नावं लिहून घेतात, मग साइटचा मुकादम आजचं काम आणि धोके सांगतो. फोन खिशात ठेवून ते दहा मिनिटं नीट ऐका. संस्था ख्रिस्ती आहे, त्यामुळे कधी कधी सुरुवातीला छोटी प्रार्थना होते. यावरून आपल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. मदत करताना धर्म गळ्यात मारायचा नाही हे संस्थेचं जाहीर धोरण आहे, आणि घर कोणाही धर्माच्या कुटुंबाला मिळतं. मी गप्प उभा राहतो. भूमिपूजनाला पाद्री उभा राहिला असता तर त्यानेही तेच केलं असतं.

मग कामं वाटतात. इथे एक सांगायचंय. आपण इंजिनिअर आहोत हे सांगू नका. कोणी विचारलेलं नसतं. साइटवर तुमच्यापेक्षा जास्त कळणारे तीन प्रकारचे लोक असतात: पगारी मुकादम, वर्षभरासाठी आलेली विशी-बाविशीतली अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-योजनेची पोरं, आणि दर आठवड्याला न चुकता येणारे निवृत्त लोक. त्यातले बरेच आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात उभ्याने काम केलेले. पहिली दोन वर्षं मला सत्तरीतल्या अशाच एका काकांनी शिकवलं. माझ्या हातातली हातोडी बघून त्यांनी विचारलं होतं, ‘तू त्या खिळ्याची माफी मागतोयस का?’

हातोडी

हातोडीची मूठ टोकाला धरा. नवशिके मानेजवळ धरतात, त्याने नेम बरोबर बसतोय असं वाटतं, पण वजन वाया जातं आणि तासाभरात मनगट जातं. खिळा चिमटीत धरून दोन हलक्या टकटकींनी उभा करा. मग चिमूट काढा. मग कोपरापासून हात उचला आणि हातोडी पडू द्या. नजर हातोडीवर नाही, खिळ्याच्या डोक्यावर. वाकला तर सरळ करत बसू नका, उपटा, दुसरा घ्या. माझ्या पहिल्या शनिवारी साडेतीन इंची खिळ्यांपैकी निम्मे वाकले असतील. कोणी काही म्हणालं नाही. एका डब्यात वाकडे खिळे टाकायची जागा आधीपासून केलेली होती.

भिंत

आपल्या डोळ्यांना घर म्हणजे वीट, सिमेंट, सेंट्रिंग, पाणी मारणं. इथे पाया तेवढा काँक्रीटचा असतो, आणि तो किमान ४२ इंच खोल न्यावा लागतो, कारण मिशिगनच्या हिवाळ्यात त्याच्या वरची जमीन गोठून फुगते आणि उथळ पाया उचलून टाकते. त्यावर सगळा लाकडी सांगाडा. पहिल्यांदा बघून ‘हे तर खोकं आहे’ असं वाटतं. मलाही वाटलं होतं. भिंत जमिनीवर आडवी पाडून बनवतात आणि सगळ्यांनी मिळून उभी करतात. ती उभी होतानाचं अर्धं मिनिट चुकवू नका.

भिंतीत खाली एक आडवी पट्टी, वर एक आडवी पट्टी आणि मधे उभे दांडे, ज्यांना स्टड म्हणतात. लाकूड टू-बाय-फोर. नावात दोन बाय चार असलं तरी माप दीड बाय साडेतीन इंच भरतं. बाहेरच्या भिंतीला जाड स्टड वापरला तर टू-बाय-सिक्स, म्हणजे दीड बाय साडेपाच. पहिल्या दिवशी हे कोणी सांगत नाही आणि मग मापं जुळत नाहीत म्हणून माणूस टेपलाच दोष देतो.

दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच. का १६? कारण वरून ठोकायचे फळे चार फूट रुंद, म्हणजे ४८ इंच, आणि १६ त्रिक ४८. फळ्याची कड बरोबर स्टडच्या मध्यावर आली पाहिजे, म्हणजे शेजारचा फळा उरलेल्या पाऊण इंचावर बसतो. इथल्या टेपवर १६च्या पटीतल्या आकड्यांना खास खूण असते ती यासाठीच.

आता गंमत. पहिली खूण १६वर करायची नाही. स्टड दीड इंच रुंद, त्याचा मध्य १६वर यायला हवा, म्हणून त्याची कड सव्वापंधरावर. सव्वापंधरावर रेघ मारायची आणि स्टड रेघेच्या ज्या बाजूला बसणार त्या बाजूला फुली मारायची. फुली रेघेच्या पुढे.

हे मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. दुसऱ्या शनिवारी मी एकट्याने बारा फुटांची भिंत खिळली, प्रत्येक टोकाला दोन-दोन खिळे, सुरेख ठोकले. सगळे स्टड रेघेच्या अलीकडे. भिंत उभी राहिली, पहिला फळा लावायला गेलो तर त्याची कड हवेत. मुकादम आला, बघितलं, एक शब्द बोलला नाही, खिळे उपटायची छोटी पहार माझ्या हातात दिली आणि शेजारी बसून दुसऱ्या टोकाने स्वतः उपटायला लागला. पाऊण तास गेला. त्या दिवसापासून मी फुली एवढी मोठी मारतो की लोक हसतात.

दुसरी गोष्ट स्टड निवडायची. लाकूड सरळ कधीच नसतं. स्टड डोळ्यासमोर आडवा धरून एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून बघा, आपला सुतार बघतो तसं. बाक कुठे आहे ते दिसेल. सगळ्या स्टडचे बाक एकाच दिशेला करून लावायचे. एकाचा आत, एकाचा बाहेर झाला तर भिंतीला पोट येतं आणि पुढे तिथे स्वयंपाकघराची कपाटं बसवणारा तुम्हाला शिव्या देतो.

हत्यारांची नावं आपल्याकडचीच समजा. स्पीड स्क्वेअर म्हणजे गुण्या. खडूच्या भुकटीतून निघणारी दोरी ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उठते, आपला सुतार रंगात भिजवलेल्या दोऱ्याने हेच करतो. ओळंबा फारसा दिसत नाही, त्याची जागा लांब पाणसळीने घेतली आहे. विजेची करवत पहिल्या दिवशी मागू नका. कोणी देणारही नाही.

बाकीची कामं, थोडक्यात

भिंतीवर बाहेरून पाणी अडवणारं कापड गुंडाळतात. ते खालून वर लावत यायचं, वरचं खालच्यावर चढलं पाहिजे. कौलं कशी बसतात ते आठवा, चूक होणार नाही.

त्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात, साइडिंग. यात मराठी माणूस हमखास चुकतो, कारण आपल्याला घट्ट ठोकायची सवय. पट्टीच्या भोकाच्या मधोमध खिळा, आणि डोक्याखाली एका डाइमच्या (दहा सेंटच्या नाण्याच्या) जाडीची फट सोडायची. पट्टी डावीउजवीकडे सरकली पाहिजे. फेब्रुवारीत ती आक्रसते आणि जुलैत लांबते. घट्ट ठोकली की उन्हाळ्यात भिंतीवर लाटा उठतात.

काचेचा कापूस भरायचं काम आलं की तो पूर्ण बाह्यांचा शर्ट पिशवीतून काढून अंगात घाला, मास्क लावा. दाबून भरायचा नाही, फुगलेला राहिला तरच ऊब धरतो. नंतर हात गार पाण्याने धुवा. घरी गेल्यावर ते कपडे वेगळे धुवा, नाहीतर आठवडाभर सगळं कुटुंब खाजवेल.

रंगकाम सगळ्यांना हवं असतं, कारण ते सोपं वाटतं. सोपं नाही, आणि कंटाळवाणं आहे. पण ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी उत्तम.

शिडी: चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम. शेवटच्या पायरीवर उभं राहायचं नाही. चक्कर येते, उंचीची भीती वाटते, तर तोंडाने सांगा. खाली कामं भरपूर असतात. न सांगता वर चढलेल्या आणि मग उतरता न आलेल्या माणसाला खाली आणण्यात आमचा एकदा अर्धा तास गेला. तो माणूस म्हणजे माझा मेहुणा.

डबा

कधी जेवण मिळतं, कधी नाही. मिळालंच तर पिझ्झा नाहीतर मांस घातलेले सँडविच. शाकाहारी असाल तर डबा न्या आणि चार घास जास्तीचे न्या. पोळीभाजीचा रोल उत्तम, एका हाताने खाता येतो. मी थालीपीठं नेतो. भरपूर पाणी न्या. घरात अजून नळ नसतो, शौचालय फिरतं प्लॅस्टिकचं असतं, हात पुसायला ओले रुमाल ठेवा.

जेवायला आपल्याच गटात घोळका करून मराठीत बोलत बसू नका. ज्यांचं घर आहे त्या बाई साधारण फळ्यांच्या चळतीवर बसलेल्या असतात, तिथे जाऊन बसा. वयस्कर कृष्णवर्णीय बाईंना नुसत्या नावाने हाक मारू नका, जरी ऑफिसात सगळ्यांना तसं म्हणत असलात तरी. इथे नावाआधी ‘मिस’ लावायची रीत आहे. आपल्या ‘ताई’, ‘मावशी’ची इथली बहीण म्हणा. तुमचं उत्पन्न किती, नवरा काय करतो, आधीचं घर का सोडलं हे विचारायचं नाही. कर्जाच्या अर्जात हे सगळं त्यांनी आधीच दहा जणांना सांगितलेलं असतं. एका बाईंनी मला आपणहून विचारलं होतं की तुमच्याकडे घरात शिरताना काय करतात. दूध उतू घालतात म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मुद्दाम उतू घालतात? नव्या शेगडीवर?

गल्लीत

पडक्या, जळक्या घरांचे फोटो काढू नका. या शहराचे असे फोटो जगभर फिरून झाले आहेत आणि शेजारी राहणाऱ्याला त्याचा वीट आला आहे. समोरच्या पोर्चमध्ये कोणी बसलं असेल तर मान हलवून हाय म्हणा. कोपऱ्यावरचा गवत कापलेला नीटस प्लॉट रिकामा दिसला तरी तो कोणीतरी सांभाळतंय, त्यावर फळ्या टाकू नका. घराला लागून असलेला ओसाड प्लॉट शहराची लँड बँक, म्हणजे ओसाड जमिनी सांभाळणारी संस्था, शेजाऱ्याला १०० डॉलरला विकते. कित्येकांनी तो घेऊन तिथे भाज्या लावल्या आहेत.

आणि गटाच्या फोटोंचं तर बोलायलाच नको. एका कंपनीचा गट एकदा आला होता, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. अकरा वाजता आले, दीड वाजता गेले, त्यातला पाऊण तास पाटी धरून उभे. त्यांनी अर्धवट सोडलेली खिडकीची चौकट दुपारी आम्ही पूर्ण केली. एक फोटो काढा, मालकिणीला विचारून काढा, मग फोन गाडीत ठेवा.

‘मग पैसेच का देऊ नयेत?’

प्रश्न खरा आहे. माझा शनिवारचा वेग बघता, माझ्या एका दिवसाच्या पगारात त्यांनी कसबी सुतार ठेवला तर भिंत दुप्पट लवकर उभी राहील. मी दोन्ही करतो. बऱ्याच कंपन्या तुम्ही स्वयंसेवा केलेल्या तासांपोटी संस्थेला देणगी देतात. तुमच्या एचआरला विचारा, हा पैसा न मागितल्यामुळे पडून राहतो. स्वतःच्या वेळेवर करसवलत मिळत नाही. सगळे खर्च मांडून कर भरत असाल तर गाडीच्या प्रवासाचे मैलामागे १४ सेंट धरता येतात, म्हणून आकडा लिहून ठेवा.

पण नुसता चेक पाठवला असता तर मी बिरवूडच्या भिंतीपाशी कधी गेलो नसतो, हेही तितकंच खरं.

पुन्हा जाताना

रविवारी सकाळी मनगट आणि मांड्या बोलतील. दोन दिवसांत उतरतं.

ड्रायवॉल, म्हणजे भिंतीला आतून ठोकायचे प्लास्टरचे फळे, चढायच्या आधी, स्टड उघडे असताना, लोक त्यांच्यावर मार्करने काहीतरी लिहितात. कोणी नाव, कोणी बायबलमधली ओळ, मुलं चित्रं काढतात. मग ते सगळं भिंतीत बंद होतं. जाड टोकाचा मार्कर न्या, बारीक टोक कच्च्या लाकडात फसतं. घर पूर्ण झालं की चावी द्यायचा छोटा कार्यक्रम होतो. बोलावणं आलं तर जा, काही हातात घेऊन जा, पण दुधाचं आधी विचारून बघा.

पहिली वारी मे-जूनमध्ये करा, हवा बरी असते. मात्र मे-जूनच्या शनिवारी माणसं भरपूर असतात, कधी कधी एका खिडकीला चौघे. जानेवारी-फेब्रुवारीत आतली कामं चालू असतात, ड्रायवॉल, रंग, दारं, आणि तेव्हा नावनोंदणीत जागा रिकाम्या दिसतात. बर्फ पडलं की निवृत्त काकाही सगळे येत नाहीत. दुसरी वारी तेव्हाची ठेवा. एक हीटर असतो, त्याच्याजवळचं काम आधी पकडा.